मुलींसाठी फितूर झालेला बाप? : अर्नॉल्ड व्हॅन डेन बर्ग यांच्यावरील आरोपाचा अभ्यास

१६ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकी दूरचित्रवाणीवरील एका वृत्तकार्यक्रमातून, आणि दोनच दिवसांनी बाजारात आलेल्या रोझमेरी सलिवन यांच्या पुस्तकातून, जगाला असे सांगण्यात आले की अ‍ॅन फ्रँकच्या कुटुंबाची खबर नाझींना देणारा माणूस अखेर सापडला आहे. त्याचे नाव अर्नॉल्ड व्हॅन डेन बर्ग. अ‍ॅमस्टरडॅममधील प्रतिष्ठित नोटरी, स्वतः ज्यू, तीन मुलींचे वडील, आणि ही बातमी येण्याच्या सत्तर वर्षांहून अधिक काळ आधी मरण पावलेले. बायकोमुलींना छळछावणीपासून वाचवण्यासाठी या माणसाने लपलेल्या ज्यूंचे पत्ते जर्मनांच्या स्वाधीन केले, आणि त्यांतच प्रिन्सनग्राख्त २६३ हा फ्रँक कुटुंबाच्या लपण्याच्या जागेचा पत्ता होता, असा हा आरोप होता. सुमारे दोन महिन्यांत हॉलंडमधील इतिहासकारांनी तो खोडून काढला आणि डच प्रकाशकाने पुस्तक विक्रीतून मागे घेतले. तरीही ‘पोरींसाठी बापाने दगा दिला’ ही गोष्ट लोकांच्या मनातून गेलेली नाही. ती इतकी सहज पटली कशी, आणि पुराव्याच्या कसोटीवर तिचे काय झाले, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

मूळ घटना बहुतेक वाचकांना माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. ऑटो फ्रँक, त्यांची पत्नी एडिथ आणि मार्गो व अ‍ॅन या मुली जुलै १९४२ पासून ऑटो यांच्याच व्यवसायाच्या इमारतीमागील भागात लपून राहत होत्या. पुढे व्हॅन पेल्स कुटुंबातील तिघे आणि फ्रिट्झ फेफर हे दंतवैद्य त्यांच्यात सामील झाले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी सकाळी कार्ल सिल्बरबॉअर हा ऑस्ट्रियन अधिकारी डच पोलिसांना घेऊन आला आणि आठही जण पकडले गेले. सप्टेंबरच्या प्रारंभी वेस्टरबोर्क छावणीतून ऑश्विट्झकडे निघालेल्या अखेरच्या गाडीत त्यांना चढवण्यात आले. अ‍ॅन आणि मार्गो १९४५ च्या प्रारंभी बर्गन-बेल्सनमध्ये मरण पावल्या. आठांपैकी एकटे ऑटो परतले. लपण्याआधी मुलींना अमेरिकेत नेण्यासाठी त्यांनीही ओळखीपाळखीच्या सगळ्या वाटा चोखाळल्या होत्या. १९४१ मध्ये आपल्या अमेरिकी मित्राला लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत मुलींच्या भवितव्याची काळजी स्पष्ट दिसते. या प्रकरणात दोन बाप आहेत, एवढे इथेच ध्यानात घ्यावे.

खबर कोणी दिली, हा प्रश्न युद्ध संपताच विचारला गेला. सिल्बरबॉअर १९६३ मध्ये व्हिएन्नात सापडला, तेव्हा त्याने सांगितले की खबर त्याच्या वरिष्ठाने, म्हणजे युलियस डेटमान याने घेतली होती. पण डेटमानने १९४५ मध्येच कैदेत आत्महत्या केली होती, त्यामुळे जो एकच माणूस नाव सांगू शकला असता तोही उरला नाही. गोदामाचा प्रमुख विलेम व्हॅन मारेन याच्यावर १९४७-४८ आणि पुन्हा १९६३-६४ मध्ये चौकशी झाली; दोन्ही वेळा पुराव्याअभावी काही सिद्ध झाले नाही, पण संशयाचा डाग घेऊनच तो १९७१ मध्ये वारला. पुढे एक सफाई कामगार स्त्री, ऑटो यांचा एक नाझी समर्थक परिचित, लपलेल्यांना मदत करणाऱ्या बेप फोस्काउल हिची बहीण, अशी नावे एकेक चरित्रकार पुढे करत गेला. २०१६ मध्ये अ‍ॅन फ्रँक संग्रहालयाच्या संशोधकांनी एक वेगळीच शक्यता मांडली : कोणी दगा दिलाच नसेल, शिधापत्रिकांच्या कूपनांचा काळाबाजार शोधायला आलेल्या पोलिसांना लपलेली माणसे अपघाताने सापडली असतील. या इमारतीतील व्यवसायाशी संबंधित दोघांना कूपनांच्या प्रकरणात अटक झाल्याचा उल्लेख अ‍ॅनच्याच डायरीतील मार्च १९४४ मधील नोंदीत आहे. माझ्या मते ही शक्यता दिसते त्यापेक्षा वजनदार आहे, आणि पुढील सगळे विवेचन वाचताना ती बाजूला सारता येत नाही.

आता चिठ्ठी. व्हॅन डेन बर्ग यांच्याविरुद्धचा सगळा डोलारा या एका कागदावर उभा आहे, म्हणून त्याकडे नीट जवळून पाहायला हवे. युद्ध संपल्यानंतर थोड्याच काळात ऑटो फ्रँक यांना एक निनावी चिठ्ठी मिळाली. तिचा आशय असा : तुमचा लपण्याचा पत्ता त्या वेळी युटर्पेस्ट्रातवरील जर्मन कार्यालयाला ए. व्हॅन डेन बर्ग यांनी कळवला, जे तेव्हा फोंडलपार्कजवळ ओरान्य नासाउलानवर राहत होते. त्यांनी दिलेल्या पत्त्यांची अख्खी यादीच त्या कार्यालयात होती. एवढेच. लिहिणाऱ्याचे नाव नाही, ही माहिती त्याला कशी कळली ते नाही, तो त्या कार्यालयात काम करत होता की दुसऱ्याकडून ऐकून लिहीत होता तेही नाही. शिवाय मूळ चिठ्ठी आज उपलब्ध नाही. ऑटो यांनी स्वतः टंकलिखित केलेली तिची एक प्रत १९६३ च्या तपासातील पोलिस अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडच्या कागदांत राहिली होती, आणि व्हिन्स पँकोक या निवृत्त अमेरिकी तपास अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालील पथकाला, ज्याच्या तपासावर सलिवन यांचे पुस्तक आधारलेले आहे, ती तिथे मिळाली. चिठ्ठीविषयी ऑटो यांनी १९६३ मध्ये पोलिसांना स्वतःहून सांगितले होते. त्या वेळी तिच्यातून पुढे नेण्याजोगे काही निघाले नाही.

निनावी चिठ्ठी काय सिद्ध करू शकते? कोणाला तरी, कोणत्या तरी कारणाने, व्हॅन डेन बर्ग यांचे नाव ऑटो यांच्यापर्यंत पोचवायचे होते, एवढेच. १९४५-४६ च्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये अशा चिठ्ठ्यांना तोटा नव्हता. परतलेल्या प्रत्येकाचे कोणी ना कोणी गेलेले होते, आणि ज्यू कौन्सिलमध्ये बसलेल्या माणसांविषयीचा राग सगळ्यात जास्त होता, कारण ती माणसे जिवंत राहिली होती.

हा राग अनाठायी नव्हता, हेही सांगायला हवे. फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मनांच्या आदेशाने स्थापन झालेल्या ज्यू कौन्सिलने हुकूम पोचवण्याचे, नोंदी ठेवण्याचे आणि बोलावणी वाटण्याचे काम केले. त्याच्या मोबदल्यात कौन्सिलचे सदस्य, कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या ओळखपत्रावर एक शिक्का बसत असे : पत्रधारकाला ‘पुढील आदेशापर्यंत’ श्रमसेवेतून, म्हणजे प्रत्यक्षात छावणीकडे पाठवले जाण्यातून, सूट आहे. त्या दोन शब्दांवर हजारो घरे रात्रीची झोप घेत होती. व्हॅन डेन बर्ग या कौन्सिलचे सदस्य होते. मे १९४३ मध्ये जर्मनांनी कौन्सिलला हुकूम दिला की शिक्का असलेल्या आपल्याच लोकांपैकी ७,००० नावे निवडून द्या. आपला हुद्दा, आपली मुले आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याची मुले यांतून निवड करण्याची ही वेळ होती, आणि कौन्सिलच्या कार्यालयात त्या नावांच्या याद्या खरोखर बनवल्या गेल्या. मुलांना वाचवण्यासाठी आपल्या माणसांशी प्रतारणा करणारा बाप शोधायचाच असेल, तर तो इथे, उजेडात, सरकारी कागदावर सापडतो. पण तो एकटा माणूस नाही. ज्या ज्या बापाने तो शिक्का स्वीकारला आणि जपला, त्याच्या वाट्याला या प्रतारणेचा लहानमोठा तुकडा आला. एकाची सूट म्हणजे गाडीत दुसऱ्याचे नाव, अशीच ती व्यवस्था मुळातून रचलेली होती. ही रचना करणाऱ्यांचा गुन्हा आणि तिच्यात अडकलेल्यांची लाचारी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

व्हॅन डेन बर्ग यांनी मुलींसाठी काय काय केले, याची बरीच नोंद आहे, आणि ती वाचताना माणसाचा जीव वरखाली होतो. केवळ कौन्सिलच्या शिक्क्यावर ते विसंबले नाहीत. हेगमध्ये हान्स काल्मायर नावाचा एक जर्मन वकील वंशाविषयी ‘संशयास्पद’ प्रकरणांचा निवाडा करत असे. बनावट दाखले आणि शपथपत्रे पाहूनही न पाहिल्यासारखे करून त्याने सुमारे तीन हजार लोकांना मृत्यूच्या यादीतून बाहेर काढले, असे मानले जाते. व्हॅन डेन बर्ग यांनी त्याच्याकडे अर्ज केला आणि १९४३ मध्ये आपण ज्यू नसल्याचा दर्जा मिळवला. नोटरी असल्याने कोणता कागद कुठे चालतो याची त्यांना जाण होती, आणि ती त्यांनी घरच्यांसाठी पुरेपूर वापरली. पण ज्यूंना व्यवसायबंदी झाल्यावर ज्या नोटरीने त्यांचा व्यवसाय ताब्यात घेतला होता, त्याने त्यांच्याविरुद्ध अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा सुरू केला, आणि १९४४ च्या सुरुवातीला हे संरक्षण संपले. या प्रकरणात दुसऱ्याविषयी जर्मनांकडे चुगली केल्याची लेखी नोंद जर कोणाविरुद्ध असेल, तर ती या नोटरीविरुद्ध आहे, आणि त्या चुगलीचे लक्ष्य व्हॅन डेन बर्ग हेच होते.

त्यानंतर काय झाले, यावरच सगळा वाद आहे. पँकोक यांच्या पथकाचे म्हणणे असे की, शिक्का गेला, काल्मायरचा दर्जा गेला, तरी हे कुटुंब छावणीत गेले नाही. म्हणजे त्यांच्याकडे देण्यासारखे आणखी काही मौल्यवान असले पाहिजे, आणि ते म्हणजे कौन्सिलकडे असलेली लपलेल्या ज्यूंच्या पत्त्यांची यादी. पथकाने आपल्या निष्कर्षाच्या खात्रीचा आकडाही जाहीर केला, ८५ टक्क्यांच्या आसपास. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने हजारो कागद चाळल्याचाही गाजावाजा झाला. ऑटो यांनी हे नाव जाहीरपणे का उच्चारले नाही, याचे उत्तरही त्यांनी दिले : खबर देणारा ज्यूच निघाला तर ज्यूद्वेषाच्या आगीत तेल ओतले जाईल, अशी ऑटो यांना भीती असावी. म्हणजे गुन्ह्याचे कारण एका बापाच्या काळजात शोधले गेले, आणि मौनाचे कारण दुसऱ्या बापाच्या.

२२ मार्च २०२२ रोजी बार्ट वालेट, लॉरियन फास्टनहाउट आणि त्यांच्या सहकारी इतिहासकारांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये आपला अहवाल सादर केला. त्यातील सर्वांत साधा मुद्दा मला सर्वांत निर्णायक वाटतो. कुटुंब छावणीत गेले नाही, याचे कारण ते लपले होते. मुलींना दुसरीकडे दडवून ठेवण्यात आले होते, आणि पतीपत्नी १९४४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमबाहेर लारेन येथे लपून राहत होती. स्वतः लपलेला माणूस जर्मनांकडे सौदा करायला जाण्यासाठी आधी आपण कुठे आहोत हे उघड करणार, आणि ज्या मुलींसाठी हे सारे करायचे त्यांनाच धोक्यात घालणार, हे गृहीत धरल्याशिवाय आरोप उभा राहत नाही. दुसरे म्हणजे, कौन्सिलकडे लपलेल्यांच्या पत्त्यांच्या याद्या होत्या, याला आधार नाही. जर्मनांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या संस्थेला आपला गुप्त पत्ता कोण देईल? प्रिन्सनग्राख्तचे गुपित तर मोजक्या मदतनीसांपलीकडे गेलेले नव्हते. शिवाय कौन्सिल सप्टेंबर १९४३ मध्येच बरखास्त झाले होते. यादी होती असे क्षणभर मानले, तरी धाड पडायला दहा महिन्यांहून अधिक काळ का लागला, याचे उत्तर राहतेच. त्या मदतनीसांपैकी मीप खीस यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील एका व्याख्यानात, दगा देणारा १९६० पूर्वीच मेला असे म्हटल्याचा दाखला पथकाने दिला होता. पण १९६० पूर्वी मेलेल्या माणसांची संख्या पाहता त्यातून एक नाव निवडता येत नाही.

इथे मला महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १९८४ मध्ये त्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच सूत्रे सांगितली, ती ‘पंचशील’ म्हणून आपल्याकडे कायद्याच्या प्रत्येक वर्गात शिकवली जातात. प्रत्येक परिस्थिती आधी स्वतंत्रपणे सिद्ध झालेली असावी, ती आरोपीच्या दोषाशीच जुळणारी असावी, निर्णायक स्वरूपाची असावी, दुसरी प्रत्येक शक्यता तिने बाद करावी, आणि साखळीत कुठेही कडी निखळलेली नसावी. या प्रकरणाला ही मापे लावून पाहा. यादीचे अस्तित्व सिद्ध नाही, सौदा झाल्याचा कागद नाही, त्या कार्यालयातील एकाही माणसाची साक्ष नाही, आणि कूपनांच्या तपासाची शक्यता तर बाद झालेलीच नाही. साखळीत एकच कडी भक्कम आहे, ती म्हणजे हेतू. हेतू आपल्या कायद्यातही संबद्ध पुरावा मानला जातो, मात्र तो दुसऱ्या पुराव्याला टेकू देण्यासाठी. इथे तो एकटाच सगळा भार वाहत होता.

आणि हेतूचे हे वजन फसवे आहे, कारण तो हेतू प्रत्येकाला लागू होतो. मुलांसाठी बाप कुठल्याही थराला जाईल, असे आपण सहज म्हणतो. म्हणून एखादा बाप त्या थराला गेला असे कोणी सांगितले की आपल्याला ते पडताळून पाहावेसे वाटत नाही. आपण मनात स्वतःला त्या जागी ठेवतो, ‘मीही कदाचित हेच केले असते’ असे म्हणतो, आणि ही सहानुभूतीच त्या माणसाविरुद्ध शिक्कामोर्तब करते. त्या काळी अ‍ॅमस्टरडॅममध्ये मुले असलेला प्रत्येक ज्यू बाप याच हेतूने ग्रासलेला होता. हॉलंडमधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. त्यांतले असंख्य बाप असे होते की ज्यांच्याकडे सांगण्यासारखे पत्ते होते आणि ज्यांनी ते सांगितले नाहीत.

असे सौदे झालेच नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. बर्लिनमधील श्टेला गोल्डश्लाग या तरुण ज्यू स्त्रीचे प्रकरण कागदोपत्री सिद्ध आहे. १९४३ मध्ये पकडली गेल्यावर तिचा छळ झाला, आणि आईवडिलांना पूर्वेकडील छावण्यांत पाठवणार नाही या आश्वासनावर ती गेस्टापोसाठी लपलेल्या ज्यूंना हुडकू लागली. शाळेतले सोबती, ओळखीपाळखीचे लोक, ज्यांनी तिला पाहून आनंदाने हाक मारली, त्यांना तिने पकडून दिले. इथे साक्षीदार आहेत, न्यायालयाचे निकाल आहेत, ती ज्या हस्तकांसोबत काम करत होती त्यांची नावे आहेत. व्हॅन डेन बर्ग यांच्याबाबत यांपैकी एकही गोष्ट नाही. श्टेलाच्या आईवडिलांना १९४४ च्या फेब्रुवारीत थेरेझिएनश्टाटला आणि तिथून ऑश्विट्झला नेण्यात आले. दोघेही परतले नाहीत. ज्यांच्यासाठी तिने हे सुरू केले ते गेल्यानंतरही ती हेच काम करत राहिली, म्हणून तिची गोष्ट आईवडिलांवरील प्रेमापाशी थांबवता येत नाही. आणि या सौद्यात दुसरी बाजू आपला शब्द कशी पाळत असे, तेही या प्रकरणातून समजते.

व्हॅन डेन बर्ग यांच्यापुरते बोलायचे, तर त्यांच्यावर ज्या टीकेला आधार आहे ती निराळी आहे. कौन्सिलचे सदस्यत्व, तेथील सवलती, आणि युद्धाच्या सुरुवातीला गाउडस्टिकर या ज्यू कलाव्यापाऱ्याचा संग्रह नाझी नेता गोरिंगच्या मंडळींकडे गेला त्या व्यवहारात नोटरी म्हणून असलेला त्यांचा संबंध, यांविषयी कठोर प्रश्न विचारायला जागा आहे, आणि ते विचारले जावेत. मात्र संशयास्पद व्यवहारांत हात असलेला माणूस म्हणजे अ‍ॅन फ्रँकचा मारेकरी, ही उडी पुराव्याने घेतलेली नाही.

पुस्तकाच्या डच प्रकाशकाने जानेवारीच्या अखेरीसच, अधिक चिकित्सक भूमिका घ्यायला हवी होती असे म्हणत माफी मागितली होती. इतिहासकारांचा अहवाल आला त्याच दिवशी त्याने पुस्तक मागे घेतले आणि दुकानदारांना शिल्लक प्रती परत करण्यास सांगितले. व्हॅन डेन बर्ग यांच्या नातीने जाहीरपणे मागणी केली होती की आजोबांचे नाव असे वापरले जाऊ नये. पँकोक यांच्या पथकाने आपला सिद्धान्त सोडलेला नाही, आणि इंग्रजी आवृत्ती विक्रीत राहिली. हा वाद मिटायचा तर तीन गोष्टींपैकी निदान एक तरी सापडावी लागेल : मूळ चिठ्ठी, जिच्या कागदावरून आणि हस्ताक्षरावरून किंवा टंकावरून लिहिणारा ओळखता येईल, पत्त्यांची ती यादी, किंवा ती पाहिलेल्या कोणाचा जबाब, अथवा १९४४ च्या उन्हाळ्यात व्हॅन डेन बर्ग यांचा जर्मन कार्यालयाशी संबंध आल्याची एखादी नोंद. तोवर १९५० मध्ये लंडन येथे निवर्तलेल्या या माणसावर, ज्याला या आरोपाचे उत्तर देण्याची संधी कोणत्याही न्यायालयात मिळाली नाही, फितुरीचा ठपका ठेवण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.